ओळख पटली नाही : सीमाभागातला सर्व्हर आणि खिडकीबाहेरचा माणूस

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ आणि ‘तुमची ओळख पटत नाही’. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील सेवा केंद्रांच्या खिडक्यांवर ही दोन वाक्ये आता लोकांच्या अंगवळणी पडली आहेत. पहिल्या वाक्यात दोष यंत्राकडे जातो, दुसऱ्यात माणसाकडे. रांगेत उभ्या असलेल्या बाईला मात्र दोहोंचा अर्थ एकच कळतो : आजचा रोजगार बुडाला, आता परत जायचे. वस्तुतः या दोन वाक्यांमागची कारणे अगदी भिन्न आहेत आणि त्यांवरचे उपायही भिन्न आहेत. कारण कोणते ते न सांगता माणसाला परत पाठवणे हाच आजच्या संगणकीय कारभारातला मोठा दोष आहे. सीमाभागात तो अधिक तीव्रतेने जाणवतो, कारण येथे नाव, लिपी आणि गावाचे नाव या तिन्ही गोष्टी मुळातच वादाच्या आहेत.

बेळगावचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. दरम्यान येथील मराठी माणसाचा राज्ययंत्रणेशी रोजचा संबंध न्यायालयातल्या कागदांतून येत नाही. तो सर्व्हरवरच्या तक्त्यांतून येतो. त्या तक्त्यात आपले नाव कसे लिहिले आहे यावर दरमहा मिळणारे दोन हजार रुपये, शिधा, सातबाऱ्याच्या जागी येथे चालणारा जमिनीचा उतारा आणि आजारपणातली मदत अवलंबून आहे. म्हणून हा विषय तंत्रज्ञांवर सोडून देता येण्यासारखा नाही.

आरोप आणि निदान

जून २०२३ मध्ये कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेची नोंदणी सुरू झाली आणि ‘सेवा सिंधू’ हे संकेतस्थळ कोलमडू लागले. त्यावेळी सार्वजनिक बांधकाममंत्री सतीश जारकीहोळी यांनी केंद्र सरकारने सर्व्हर हॅक केल्याचा आरोप केला. जारकीहोळी हे बेळगाव जिल्ह्यातीलच नेते. आरोप गाजला, प्रत्यारोप झाले. पुरावा मात्र लोकांसमोर आला नाही. एकाच संकेतस्थळावर एकाच वेळी लाखो लोक धडकले की काय होते, हे रेल्वेची तत्काळ तिकिटे काढणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. साधे निदान समोर असताना घातपाताची शंका घेण्याचा मोह राजकारणाला आवरला नाही, एवढेच म्हणता येईल.

याच्या नेमके उलट उदाहरण पुढे आले. कर्नाटकच्या मुद्रांक व नोंदणी विभागाची ‘कावेरी २.०’ ही प्रणाली जानेवारी २०२५ मध्ये वारंवार ठप्प झाली. खरेदीखते अडली, बोजा दाखले मिळेनात. प्रथम हा नेहमीचाच ‘सर्व्हर डाऊन’ वाटला. चौकशीअंती तो हल्ला असल्याचे सरकारने जाहीर केले : ६२ खाती आणि १४ आयपी पत्ते वापरून बोजा दाखल्यांच्या शोधासाठी खोट्या विनंत्यांचा मारा करण्यात आला होता. म्हणजे कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही. दारात इतकी गर्दी करण्यात आली की खऱ्या माणसाला आत जाता येईना. खाते उघडताना खरा माणूस कोण आणि खोटा कोण याची पडताळणी कच्ची असली की असे घडते.

पहिल्या वेळी गर्दीला हल्ला म्हटले गेले, दुसऱ्या वेळी हल्ला गर्दी वाटला. दोन्ही प्रसंगांत नागरिकाच्या हाती एकच वाक्य पडले. निदानाआधी आरोप करणे जितके चुकीचे, तितकेच निदान न करता ‘उद्या या’ म्हणणेही चुकीचे आहे.

सर्व्हर खरे कारण कुणाला सांगतो?

माहितीसाठा सांभाळणारा सर्व्हर दारात आलेल्याला दोन प्रश्न विचारतो. पहिला : तू कोण? दुसरा : तुला येथे काय करण्याचा अधिकार आहे? पहिल्याला प्रमाणीकरण म्हणतात, दुसऱ्याला अधिकारदान. एखाद्याची ओळख पक्की पटते, पण अधिकार नसतो. एखाद्याला अधिकार पूर्ण असतो, पण ओळखच पटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी बंद दारच दिसते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर लॉगिन फसले की वापरकर्त्याला १८४५६ क्रमांकाचा संदेश मिळतो. त्यात ‘लॉगिन अयशस्वी’ यापलीकडे फारसे काही नसते. परंतु त्याच क्षणी सर्व्हरच्या अंतर्गत नोंदवहीत आणखी एक छोटा आकडा उमटतो. तो ५ असेल तर त्या नावाचा वापरकर्ताच अस्तित्वात नाही. ८ असेल तर नाव बरोबर आहे, पासवर्ड चुकला आहे. ७ असेल तर खातेच बंद करून ठेवलेले आहे आणि पासवर्डही जुळत नाही. बाहेरच्याला कारण सांगायचे नाही हा नियम विचारपूर्वक केलेला आहे, कारण ‘नाव बरोबर, पासवर्ड चूक’ असे चोराला सांगणे म्हणजे अर्धी किल्ली त्याच्या हाती देणे. मात्र व्यवस्थापकाने नोंदवही उघडावी, आकडा पाहावा आणि दुरुस्ती करावी, हे या योजनेत गृहीत धरलेले असते. नोंदवही कुणी उघडतच नसेल तर सावधगिरीसाठी पाळलेले मौन खऱ्या माणसालाच मारक ठरते.

आधारच्या प्रमाणीकरणातही असेच आकडे आहेत. १०० म्हणजे नाव, जन्मतारीख यांसारखा मूळ तपशील जुळला नाही. ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकानेच आपले ठसे कुलूपबंद करून ठेवले आहेत. ४०० म्हणजे ओटीपी चुकला. ९९८ म्हणजे तो आधार क्रमांकच ग्राह्य नाही. या पाच आकड्यांवर पाच वेगवेगळे उपाय आहेत. १०० आला तर नावाची दुरुस्ती करावी लागते. ३०० आला तर दुसरे बोट, डोळ्यांची बाहुली किंवा चेहरा यांचा पर्याय पाहावा लागतो. ३३० आला तर स्वतःच कुलूप काढावे लागते. खिडकीमागच्या पडद्यावर आकडा उमटतो आणि खिडकीबाहेर मात्र ‘होत नाही’ एवढेच पोहोचते. पहिल्या माणसाला तहसील कार्यालयात, दुसऱ्याला आधार केंद्रात आणि तिसऱ्याला बँकेत धाडले जाते. पुष्कळदा तिघांनाही चुकीच्या ठिकाणी.

एका नावाची दहा रूपे

सीमाभागात सर्वाधिक छळणारा आकडा कोणता असावा, याचा अंदाज नावांकडे पाहून करता येतो. कर्नाटकातील आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते. म्हणजे मराठी माणसाच्या नावाला दोन वेळा लिपी बदलावी लागते. ‘सविता’ किंवा ‘मारुती’ या नावांतला ‘त’ मराठी माणूस रोमन लिपीत एका ‘टी’ने लिहितो, दक्षिणेकडे तोच ‘टी’ला ‘एच’ जोडून लिहिण्याची रीत आहे. मराठीत ‘सुरेश’ व्यंजनावर थांबतो. कन्नड उच्चारात शेवटचा ‘अ’ पूर्ण येतो आणि रोमन लिपीत त्याच्यापुढे ‘ए’ हे अक्षर लागते. ‘लक्ष्मी’ कुणी ‘एक्स’ने लिहितो, कुणी ‘केएस’ने. ‘चव्हाण’ या आडनावाची तर गणतीच नको. ‘परशराम’चा कुठे ‘परशुराम’ होतो, ‘लक्ष्मीबाई’ची कुठे ‘लक्ष्मव्वा’. माणसाला यात काही अडचण वाटत नाही. गावातला शिधा दुकानदार दोघींना एकच समजतो, कारण त्याने तिला पाहिलेले असते. यंत्र अक्षरे मोजते.

गावाचीही तीच कथा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. या नावाविषयीच्या भावना सर्वांना ठाऊक आहेत. येथे मुद्दा निराळा आहे. जुन्या पासबुकावर, शाळेच्या दाखल्यावर आणि विमा पॉलिसीवर एक नाव, नव्या कागदांवर दुसरे. वृत्तपत्राच्या मेजावर बसणाऱ्या आम्हा मंडळींना हा फरक रोज दिसतो : इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुरात ‘बेळगावी’ येते आणि मराठी पानात ते ‘बेळगाव’ होऊन जाते. दोन्ही एकच आहेत हे आम्हाला माहीत असते, म्हणून ते जुळवून घेता येते. यंत्राला उपसंपादक नसतो.

मात्र सर्व दोष कन्नडच्या किंवा सरकारच्या माथी मारणेही न्याय्य नाही. लग्नानंतर मुलीचे आडनावच काय, पाळण्यातले नावही बदलण्याची रूढी आपलीच आहे. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, शिधापत्रिकेवर दुसरी आणि बँकेत तिसरी, अशी स्थिती आपल्याच घरात तयार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे पहिले हप्ते जमा होऊ लागले तेव्हा याची किंमत कळली. योजना एक कोटीहून अधिक महिलांची. महिला व बालविकास मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर या बेळगाव ग्रामीणच्याच आमदार. कुटुंबप्रमुख म्हणून शिधापत्रिकेवर असलेले नाव, आधारवरचे नाव आणि आधारशी जोडलेले बँक खाते या तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या तरच पैसे जमा होणार. ज्या घरात कागद नीट होते तेथे पैसे वेळेवर आले. जेथे सासरमाहेरच्या दोन नावांचा घोळ होता तेथे फेऱ्या सुरू झाल्या.

गोमंतकीय वाचकाला हे दुखणे परके वाटू नये. पोर्तुगीज दप्तरात ‘प्रभू’चे ‘पोरोबो’, ‘कामत’चे ‘कामोतीम’, ‘भट’चे ‘बोटो’ आणि ‘शेणवी’चे ‘सिनाय’ झाले. आजोबांच्या जन्मनोंदीवर एक आडनाव आणि नातवाच्या पारपत्रावर दुसरे, ही अडचण गोव्यातील कित्येक घरांनी भोगली आहे. राज्यकर्त्याच्या लिपीत आपले नाव बसवताना होणारी ओढाताण मांडवीच्या काठी आणि मार्कंडेयच्या काठी सारखीच आहे.

बोट कुणाचे?

कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रकल्पाचा इतिहास येथे आठवण्यासारखा आहे. जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे आणि सदुसष्ट लाख खातेदार यांची माहिती संगणकावर आणणारा हा प्रकल्प २००१ च्या सुमारास राज्यभर रुजला. पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला आणि हस्तलिखित उताऱ्याची सद्दी संपली. या प्रकल्पातील एका व्यवस्थेकडे आज दुर्लक्ष होते : उताऱ्यात बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच संगणकात प्रवेश मिळत असे. पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो, बोट देता येत नाही. ‘हा फेरफार मी केलाच नाही, कुणीतरी माझा पासवर्ड वापरला’ असे म्हणायला जागाच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता.

म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी प्रमाणीकरण आले ते अधिकाऱ्याला उत्तरदायी करण्यासाठी. ठसा त्याचा होता आणि लाभ शेतकऱ्याचा. त्यानंतर चक्र हळूहळू फिरले. आज शिधा दुकानात, बँक मित्राकडे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोट नागरिकाने ठेवायचे असते आणि यंत्राने त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचे असते. निपाणी परिसरात तंबाखू आणि विडीच्या कामात ज्या बायांची बोटे झिजली, त्यांच्या ठशांच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. ऊसतोड करणारा, वीटभट्टीवर राबणारा, वय झालेला, अशा साऱ्यांची हीच गत. जो हाताने अधिक काम करतो त्याची ओळख पटण्याची शक्यता कमी, असा हा विचित्र न्याय आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत प्रमाणीकरण फसण्याच्या प्रमाणाचे अंदाज नमूद आहेत : झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के. त्यानंतर यंत्रे सुधारली, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली. पण राज्याराज्यांतली ती तफावत एक गोष्ट सांगून जाते : दोष बोटांपेक्षा व्यवस्थेत अधिक असतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच परिपत्रक काढून प्रमाणीकरण फसले म्हणून कुणालाही शिधा नाकारू नये, पर्यायी मार्गाने द्यावा आणि तशी नोंद ठेवावी, असे बजावले. सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालातही, ठसा जुळला नाही म्हणून पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने नोंदवली. परिपत्रक आणि निकाल खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत, ही खरी अडचण आहे.

दोन राज्यांचे दोन सर्व्हर

सीमेवरच्या माणसाच्या वाट्याला आणखी एक गुंता येतो. तो राहतो एका राज्यात, नाते सांगतो दुसऱ्याशी आणि पोटासाठी जातो तिसऱ्यात. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला. राजकीय वाद बाजूला ठेवून पाहिले तर कर्नाटकच्या शिधापत्रिकेवरील माणसाची ओळख महाराष्ट्राच्या माहितीसाठ्याने पटवायची आहे. ओळखीचा पुरावा एका सरकारचा, अधिकार देणारे सरकार दुसरे, आणि दोघांत संवाद नाही. वर सांगितलेले ‘तू कोण’ आणि ‘तुला काय अधिकार’ हे दोन प्रश्न येथे अक्षरशः दोन राज्यांत विभागले गेले आहेत.

निपाणी आणि कागल यांच्यातला रोटीबेटीचा व्यवहार सीमारेषेने कधी थांबला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली आणि त्यात पती किंवा वडील यांच्या आधारवरचा ओटीपी मागितला. संकेतस्थळ अडखळले, ओटीपी येईनात आणि नोव्हेंबरची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. निपाणीची लेक कागलला नांदते. ती विधवा असेल आणि वडील कर्नाटकात, त्यांचा मोबाईल क्रमांक कधीच बदललेला, तर त्या सहा आकड्यांसाठी तिने कुणाकडे जावे? पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या स्त्रीचा विचार अर्ज तयार करणाऱ्याने आधीच का केला नाही, हा प्रश्न तंत्राचा नाही, दृष्टीचा आहे.

आणि गोवा. चोर्ला आणि अनमोड घाट उतरून खानापूर, बेळगावकडची माणसे येथे बांधकामावर, हॉटेलांत, बाजारात राबतात. आधारशी जोडलेला क्रमांक गावाकडे ठेवलेल्या फोनात, फोन म्हाताऱ्या आईकडे आणि ओटीपीचा अवधी काही मिनिटांचा. एका ठशासाठी दोन दिवसांची मजुरी सोडून घाट चढावा लागतो. गोव्याच्या अर्थव्यवस्थेला ज्यांचे हात चालतात, त्यांच्या बोटांची ओळख गोव्यातच पटावी यासाठी येथल्या प्रशासनाने पुढाकार घेणे उपकाराचे नव्हे, हिशेबाचे काम आहे.

काय करता येईल

यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. पहिली गोष्ट, प्रमाणीकरण फसले की नागरिकाला छापील पावती मिळावी आणि तिच्यावर कारणाचा क्रमांक, तारीख, वेळ व पुढे कोठे जायचे ते लिहिलेले असावे. सुरक्षेच्या कारणाने पासवर्डविषयी मौन पाळणे समजू शकते. नाव जुळत नाही हे स्वतः त्या नावाच्या माणसाला न सांगण्यात कोणती सुरक्षा आहे?

दुसरी गोष्ट भाषेची. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशाने १९५० व ६० च्या दशकांतच स्वीकारले आहे. सीमाभागात मराठीतून कागदपत्रांची मागणी त्याच आधारावर होते. कागद जेव्हा पडद्यावर आला तेव्हा ती मागणीही पडद्यापर्यंत न्यायला हवी. ‘ठसा जुळला नाही’ हे वाक्य मराठीत दाखवायला एका ओळीचा बदल पुरतो.

तिसरी, नावे जुळवताना लिपीभेद समजून घेणारी पद्धत हवी. ‘टी’ आणि ‘टीएच’ एकच धरण्याइतके शहाणपण यंत्राला शिकवता येते; न जमल्यास अंतिम निर्णय माणसाचा असावा आणि तो घेणाऱ्या अधिकाऱ्याने ‘भूमी’प्रमाणे स्वतःचा ठसा देऊन तो घ्यावा. चौथी, सीमाभागातील मराठी नेतृत्वासाठी. मोर्चे, काळा दिन, ठराव यांचे महत्त्व आहेच. परंतु गावोगावी कुटुंबांची शिधापत्रिका, आधार, पासबुक आणि उतारा समोरासमोर ठेवून नावे एकसारखी करून देणारे शिबिर हेही भाषेचे रक्षणच आहे. प्रत्येक फसलेले लॉगिन हा मराठीवरचा अन्याय नसतो. आणि प्रत्येक ‘सर्व्हर डाऊन’ हा निव्वळ अपघातही नसतो. कोणते काय, हे आकडा मागितल्यावरच कळेल.

पुढच्या वेळी खिडकीवरून ‘होत नाही’ असे उत्तर आले तर वाचकाने एवढेच विचारावे : पडद्यावर क्रमांक कोणता आला? तो वहीच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून घ्यावा. आपण कोण आहोत हे सरकारला सांगून आपण दमलो. निदान ते का पटले नाही, हे सरकारने आपल्याला सांगावे.